धुराची उंची आणि धुराचा पल्ला

यवतमाळ जिल्ह्यात पडलेले पावसाचे पाणी शेवटी कोठे जाते, या प्रश्नाचे उत्तर चौथीतला मुलगाही देईल: ईशान्येकडून वर्धा आणि दक्षिणेकडून पैनगंगा या दोन वाटांनी ते एकत्र येते, पुढे प्राणहिता या नावाने गोदावरीस मिळते आणि आंध्रच्या किनाऱ्यावर पूर्वसमुद्रात उतरते. याच जिल्ह्यातील हवा कोठे जाते, असे त्या मुलास किंवा त्याच्या गुरुजींस विचारले, तर मात्र बहुधा दोघेही गप्प बसतील. दिवाळीची थंडी स्थिरावल्यापासून शिमग्यापर्यंतचे जे तीन-चार महिने, त्यांत या प्रदेशावरील खालच्या थरांतील वारा बहुतांशी ईशान्येकडून व पूर्वेकडून वाहतो, आणि त्यामुळे ज्या मुलखाचे पाणी पूर्वेकडे जाते त्याच मुलखाची हवा, मराठवाडा व देश ओलांडून, सह्याद्रीच्या माथ्यावरून, पश्चिमसमुद्राकडे जाते. दोन्ही किनारे येथून जवळजवळ सारख्याच अंतरावर, साडेपाचशे-सहाशे किलोमीटरांच्या घरात आहेत. समुद्राशी ज्याचा संबंध केवळ मिठापुरता असावा असा हा मुलूख. तरीही येथे पेटलेल्या जाळाचा काही अंश विषुववृत्ताच्या जवळपास, मालदीवच्या बेटांवरील यंत्रांत सापडण्याजोगा असतो, ही गोष्ट गेल्या पंचवीस वर्षांत पुरेशा पुराव्यानिशी सिद्ध झालेली आहे.

सर्वच धूर इतका लांब जातो असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. एकाच गावात, एकाच दिवशी, एकच इंधन जाळून निघालेल्या दोन धुरांपैकी एक शेजारच्या शिवारापर्यंतही न पोचता विरतो आणि दुसरा चार-सहा दिवसांत हजारो किलोमीटर कापतो. आणि या भेदाचे कारण शोधू गेल्यास धुराच्या काळेपणात किंवा दाटपणात ते सापडत नाही. पहिल्या काही तासांत तो धूर जमिनीपासून किती वर चढला, यावरच त्याचा पुढचा सारा प्रवास अवलंबून असतो. या प्रकरणात जे सांगावयाचे आहे ते मुख्यतः या उंचीविषयीच.

प्रथम कमी उंचीचा धूर घेऊ. झरी, मारेगाव, घाटंजी या बाजूच्या एखाद्या पोडावर किंवा गावात पौषातल्या संध्याकाळी चुली पेटतात. सरपण म्हणजे पऱ्हाटी आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या व तुरीच्या वाळल्या काड्या, आणि त्यांच्या जोडीला जंगलातून आणलेल्या मोळीतली चार लाकडे. सूर्य मावळताच काळी जमीन आणि तिच्याखालचा काळा पाषाण आपली उष्णता निरभ्र आकाशाकडे झपाट्याने सोडू लागतात. जमिनीलगतची हवा थंड होते, वरची मात्र अजून उबदार राहते, आणि नेहमीच्या क्रमाच्या उलट, खाली थंड व वर गरम अशी रचना तयार होते. हीच तापमानाची विपरीतता. थंड हवा जड असल्यामुळे ती वर चढण्याचे नाव घेत नाही, आणि तिच्यात सापडलेला धूरही नाही. कवेलूंच्या फटींतून निघालेली ती निळसर रेघ निंबाच्या शेंड्याच्या थोडी वर जाते, थबकते, आडवी पसरते आणि गावावर झाकणासारखी राहते. वर, तीन-चारशे मीटरांवर, याच वेळी वारा चांगला वेगात वाहत असतो. परंतु त्याची आणि या धुराची गाठ पडत नाही. हा धूर प्रवासी नव्हे. त्याचे जे काही करावयाचे ते तो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत व छातीत, आणि ओसरीवर अभ्यास करणाऱ्या पोरांच्या खोकल्यात करून मोकळा होतो. सागरावरील धुराच्या पटाविषयी पुढे जे विवेचन येईल त्याच्या भव्यतेने दिपून जाणाऱ्या वाचकाने हे ध्यानात ठेवलेले बरे, की मनुष्याच्या आरोग्याची सर्वांत मोठी हानी हा घरकोंबडा धूरच करतो.

आता दुसरा धूर. कापसाची शेवटची वेचणी झाली, फरदड घेण्याचा मोह आवरला किंवा आवरला नाही, आणि माघ-फाल्गुनात एकदा शेत मोकळे करण्याची वेळ आली, की चिमट्याने पऱ्हाट्या उपटून त्यांचे ढीग धुऱ्याबांधावर लावले जातात. घरच्या चुलीला पुरतील तेवढ्या बैलगाडीतून घरी जातात. उरलेल्यांना काडी लावली जाते, आणि त्यामागे केवळ आळस नसतो. वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते व पुढच्या हंगामात पुन्हा उतरते, हे कास्तकाराने २०१७ च्या हंगामात पुरेपूर अनुभवले आहे. कृषी विभाग पऱ्हाटी कुटून खत करा म्हणतो. पण त्यासाठी यंत्र लागते, यंत्राला भाडे लागते, आणि आगपेटी स्वस्त आहे. याच सुमारास रानात मोहाची फुले गळू लागतात, ती वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो, आणि तेंदूला कोवळा पाला फुटावा म्हणूनही ठिकठिकाणी आगी लावल्या जातात.

हे जाळ बहुधा दिवसा, उन्हाच्या वेळी लागतात, आणि नेमकी हीच वेळ धुराला फळते. दुपारी तापलेली उघडी काळी जमीन आपल्या अंगावरच्या हवेला तापविते. ती हवा स्तंभास्तंभांनी वर उसळते, वरची खाली येते, आणि जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरांपर्यंतचा सगळा थर ढवळून निघतो. चैत्र-वैशाखात तर हा ढवळलेला थर तीन किलोमीटरांच्याही वर जातो. ज्या घारी त्या उसळीवर पंख न हलविता गोल गोल चढत जातात, त्यांच्याच वाटेने धूरही चढतो. सूर्य कलला म्हणजे खालून पुरवठा बंद होतो, जमिनीलगत पुन्हा तो थंड थर बसू लागतो. पण जो धूर दुपारी वर गेला तो वरच राहतो, आणि खालच्या थंड थरामुळे जमिनीशी, झाडांशी, डोंगरांशी होणाऱ्या घर्षणातून त्याची सुटका होते. अशा मोकळ्या झालेल्या थरात रात्रीचा वारा तासाला तीस-चाळीस किलोमीटरांच्या वेगाने सहज वाहतो. म्हणजे वाऱ्याने साथ दिली तर संध्याकाळी दारव्हा-दिग्रसवर असलेला धूर पहाटेपर्यंत मराठवाडा मागे टाकतो. ज्या शेतातून तो निघाला त्या शेतात तोवर राखेचे काळे वर्तुळ तेवढे उरलेले असते.

त्या धुरात प्रवासाला लायक कोण आणि नालायक कोण, याचाही निवाडा पहिल्याच दिवशी होतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रोमीटर व्यासाचा कण स्थिर हवेत दिवसाला सुमारे अडीचशे मीटर खाली उतरतो, म्हणून राख व खरखरीत धूळ फार तर तालुक्याची हद्द ओलांडतात. अर्ध्या मायक्रोमीटरचा कण मात्र दिवसाला जेमतेम एक मीटर उतरतो. काजळी आणि ज्वलनातून निघणारी बहुतेक सेंद्रिय द्रव्ये याच मापाची असतात, आणि पाऊस त्यांना धुऊन काढीत नाही तोवर ती आठवडाभर हवेत राहू शकतात. वायूंचे आयुष्य निरनिराळे: कोळशातून निघणारा गंधकाचा डायऑक्साइड एक-दोन दिवसांत सल्फेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतरित होतो आणि त्या रूपाने पुढची मजल मारतो; कार्बन मोनॉक्साइड महिना-दोन महिने टिकतो. हिवाळ्यात आपल्याकडे पाऊस नाही, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने जितकी साधी बाब तितकीच प्रवासी कणाच्या दृष्टीने महत्त्वाची, कारण त्याचा एकमेव खरा वैरी त्या चार महिन्यांत रजेवर असतो.

सह्याद्रीच्या माथ्यावर पोचल्यावर या हवेपुढे एक विलक्षण रचना उभी असते. कोकणपट्टीत दुपारी खारे वारे समुद्रावरून आत येतात, रात्री मतलई वारे जमिनीवरून बाहेर जातात. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या खालच्या हवेचे येणेजाणे रोजचेच. देशावरून आलेली गरम, कोरडी, धुरकट हवा तेथे खाली उतरत नाही. समुद्रावरची दमट व थंड हवा जड, म्हणून ती खाली काही शे मीटरांच्या थरात राहते, आणि खंडावरून आलेली हवा तिच्या अंगावरून, साधारणतः एक ते तीन किलोमीटरांच्या पट्ट्यात, घसरत पुढे जाते. म्हणूनच जहाजावरील मनुष्याला कधी कधी खाली स्वच्छ वारा लागतो आणि क्षितिजावर मात्र तपकिरी पट्टा दिसतो. गलबते घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघणारे कोकणातील व गुजरातेतील नावाडी ज्या ईशान्य मोसमी वाऱ्याच्या भरवशावर शिडे सोडीत, तोच वारा हा पट्टा पुढे नेतो.

हा पट्टा किती मोठा, याचा अंदाज १९९९ पर्यंत कोणालाही नीटसा नव्हता. त्या वर्षी जानेवारी ते मार्च या काळात ‘इंडोएक्स’ या नावाची, म्हणजे हिंदी महासागरावरील प्रयोगाची मोहीम झाली. वीरभद्रन रामनाथन आणि १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे पॉल क्रुट्झन हे तिचे प्रमुख. भारतीय बाजूचे नेतृत्व ए. पी. मित्रा यांच्याकडे. मालदीवच्या माले येथून विमाने उडत, काशिधू बेटावर एक निरीक्षणशाळा उभारलेली, आणि समुद्रावर अमेरिकेचे ‘रोनाल्ड ब्राउन’ व आपले ‘सागर कन्या’ ही संशोधन-जहाजे. या मोहिमेवर गेलेल्या लोकांस तेथे तीन किलोमीटर जाडीचा, सुमारे एक कोटी चौरस किलोमीटरांवर, म्हणजे भारताच्या तिप्पट क्षेत्रावर पसरलेला धुराचा थर आढळला. त्यात सल्फेट होते, सेंद्रिय द्रव्ये होती, राखेचे सूक्ष्म कण होते, आणि सूर्यप्रकाश शोषून घेणारी काजळी तर मोठ्या प्रमाणात होती. समुद्राच्या पृष्ठभागावर पोचणारा सूर्यप्रकाश काही ठिकाणी दहा टक्क्यांच्या आसपास घटलेला होता. यवतमाळपासून काशिधू सरळ रेषेत सुमारे पावणेदोन हजार किलोमीटर. दक्षिणेकडे जाता जाता जहाजे विषुववृत्त ओलांडून आंतरउष्णकटिबंधीय अभिसरण पट्ट्यात, म्हणजे दोन्ही गोलार्धांचे वारे जेथे एकमेकांस भिडून वर चढतात व धो धो पाऊस पाडतात त्या पट्ट्यात शिरली, आणि त्याच्या पलीकडे हवा एकाएकी निर्मळ झाली. खंडाच्या धुराची हिवाळी हद्द तेथे पावसाने आखून दिलेली आहे.

पण हा धूर कशाचा? मोटारींचा आणि कारखान्यांचा, असे शहरी लोक म्हणत. चुलींचा आणि शेतांचा, असे काही परदेशी जाणकार म्हणत. आणि दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात थोडाबहुत दुसऱ्यावर ढकलण्याचा भाग होता. या वादाची रुजुवात करण्याची एक सुंदर युक्ती निसर्गानेच ठेवलेली आहे. जिवंत वनस्पती हवेतून जो कार्बन घेते त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ चा अत्यल्प अंश असतो, आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे. म्हणून यंदाच्या पऱ्हाटीच्या धुरात तो असतो, आणि वणीच्या खाणींतून निघालेल्या कोट्यवधी वर्षांच्या जुन्या कोळशाच्या धुरात त्याचा मागमूसही नसतो. डिझेल-पेट्रोलचेही तसेच. स्टॉकहोम विद्यापीठाचे ओर्यान गुस्ताफसन आणि त्यांचे सहकारी, ज्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही होते, यांनी मालदीवमधील हनीमाधू बेटावर आणि पुण्याजवळ सिंहगडावर हिवाळ्यातील हवेचे कण गाळून त्यांतील हा कार्बन मोजला. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरांवर, म्हणजे पायथ्याच्या वस्तीतील रात्रीच्या धुराच्या वर आणि देशावरून वाहत येणाऱ्या हवेच्या ऐन वाटेवर आहे. ज्या कारणासाठी पूर्वी तेथे टेहळणी ठेवीत त्याच कारणासाठी तो या कामी उपयोगी पडला. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की काजळीयुक्त कणांतील निम्मा ते दोन-तृतीयांश भाग वनस्पतिजन्य इंधनाच्या ज्वलनातून, म्हणजे चुली, शेते आणि वणवे यांतून येतो. उरलेला भाग कोळसा व तेल यांचा. दोन्ही पक्षांचे थोडे थोडे खरे ठरले, म्हणून बहुधा कोणाचेच समाधान झाले नाही.

कोळशाची बाजू यवतमाळ जिल्ह्याला अनोळखी नाही. आजचा हा जिल्हा इंग्रजी अमलाच्या आरंभी वणीच्याच नावाने ओळखला जाई, आणि वणीच्या आसपास उकणी, मुंगोली, कोलगाव, घोन्सा येथील खाणी, राजूरच्या चुनाभट्ट्या, त्यांच्यामुळे रस्त्यालगतच्या कापसावर बसणारी काळी भुकटी, हे सगळे तेथील लोकांच्या रोजच्या फिर्यादीचे विषय आहेत. ही भुकटी पुन्हा खालच्या उंचीची. ती फार दूर जात नाही. पण त्याच खोऱ्यातील कोळसा चाळीसेक किलोमीटरांवरच्या चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रात जळतो, तेव्हा त्याच्या धुराला उंची कृत्रिम रीतीने मिळवून दिली जाते. पाचशे मेगावॅट वा त्याहून मोठ्या संचाच्या चिमणीची उंची २७५ मीटर असावी, असा आपल्याकडील दंडक आहे. हिवाळी रात्रीचा तो थंड थर एवढ्या उंचीच्या खालीच संपत असल्याने चिमणीचा गरम धूर त्याला भेदून वरच्या वेगवान वाऱ्यात शिरतो, आणि चिमणीच्या पायथ्याशी झोपलेल्या वस्तीला रात्रभर तो लागत नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ढवळणारा थर वाढत वाढत त्या उंचीला पोचला, की तोच धूर काही काळ एकदम खाली, कोठल्या तरी तिसऱ्याच गावावर उतरतो. आपल्या कोळशात राख पुष्कळ आणि गंधक कमी, हेही येथे नमूद केले पाहिजे. राखेचा बंदोबस्त यंत्रांनी बराचसा होतो, पण गंधकाचा वायू अदृश्य असल्यामुळे त्याच्याबद्दल कोणी ओरड करीत नाही आणि तोच राखेपेक्षा कितीतरी लांब जातो.

उंच चिमणीने प्रश्न सुटत नाही, त्याचा पत्ता बदलतो, हे युरोपने आपल्या आधी शिकून घेतले. १९५२ च्या लंडनमधील जीवघेण्या धुक्यानंतर इंग्लंडात चिमण्या उंच होत गेल्या, लंडनची हवा सुधारली, आणि पुढे स्वीडनचे स्वान्ते ओडेन यांनी १९६७ च्या सुमारास दाखवून दिले, की स्कॅंडिनेव्हियातील तळ्यांत पडणारा आम्लधर्मी पाऊस परदेशातील धुराचा आहे. त्यातून १९७९ चा जिनीव्हाचा आंतरराष्ट्रीय करार झाला व त्याखाली गंधकाची कपात बंधनकारक करणारे नियम आले. दक्षिण आशियातही १९९८ साली याच विषयावर आठ देशांचे घोषणापत्र निघाले, आणि योगायोग असा की ते माले येथेच स्वीकारले गेले, वर्षभरात तेथील आकाशात काय सापडणार आहे याची कोणास नीटशी कल्पना नसताना. ते घोषणापत्र मात्र सदिच्छेच्या पलीकडे कोणावर काही बंधन घालीत नाही.

मृग लागला, की हा सारा हिवाळी व्यवहार उलटतो. वारा नैर्ऋत्येकडून येऊ लागतो, पाऊस कणांना धुऊन काढतो, आणि जुलै-ऑगस्टात यवतमाळचे आकाश दोन सरींच्या मधल्या वेळात इतके स्वच्छ असते, की प्रदूषणाची गोष्ट काढणेही अप्रस्तुत वाटावे. परंतु पावसाळी मेघ हे धुणारे आहेत तसेच उचलणारेही आहेत. मोठा गडगडाटी ढग जमिनीलगतची हवा तासाभरात चौदा-पंधरा किलोमीटरांवर, तपांबराच्या छतापर्यंत नेतो; जे पाण्यात विरघळते ते बहुतेक वाटेत गळते, जे विरघळत नाही ते वर पोचते. तेथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक प्रचंड वेगवान वायुप्रवाह आहे, ज्याचा शोध भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी लावून १९५८ साली प्रसिद्ध केला. त्याच्या व त्याच्या उत्तरेकडील विशाल चक्राकार वाऱ्यांच्या योगे ही हवा अरबस्तानावरून पुढे सरकते, आणि २००१ च्या ऑगस्टमध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावरून झालेल्या उड्डाणांत भूमध्य समुद्राच्या वरच्या हवेत दक्षिण आशियातील प्रदूषणाच्या खुणा सापडल्या. पुढे २०११ साली उपग्रहाच्या नोंदींतून आशियाई मान्सूनच्या वर, तेरा ते अठरा किलोमीटरांच्या दरम्यान, सूक्ष्मकणांचा एक विरळ थर दर उन्हाळी-पावसाळी ऋतूत बनतो असे दिसून आले, आणि २०१७ साली काठमांडूहून उडालेल्या एका रशियन बनावटीच्या उंच उडणाऱ्या विमानाने त्या थरात प्रवेश केला, तेव्हा त्यात अमोनियम नायट्रेटचे घन कण आढळले.

हा अमोनिया मुख्यतः शेतीतला. त्याचा मोठा हिस्सा गंगा-यमुनेच्या दाट खतपाण्याच्या मैदानातून येतो आणि कोरडवाहू वऱ्हाडाचा वाटा त्यापुढे लहानच. पण तत्त्व एकच आहे. पहिली डवरणी झाली, निंदण झाले, सर पडून गेली आणि कास्तकाराने कपाशीच्या तासांतून युरियाची मूठ टाकली, की त्यातील काही नत्र पिकाला न मिळता अमोनिया होऊन हवेत उडतो. ज्या दिवशी दुपारी खत टाकले आणि संध्याकाळी ढग फुटला, त्या दिवशी शेतकरी ‘खत लागू पडले’ म्हणून निश्चिंत होतो. त्याच्या त्या पिशवीतला किती नत्र कपाशीच्या मुळाशी गेला आणि किती ढगाने उचलला, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

येथवर मांडलेल्या उंचीच्या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो कापसाच्या मुलखाशी निगडित असल्याने सोडून देता येत नाही. फवारणीच्या काही रसायनांस लांब जाण्यासाठी पहिल्याच दिवशी वर चढावे लागत नाही. एन्डोसल्फान हे भारतीय कापूसपट्ट्यात बोंडअळीवर वर्षानुवर्षे वापरले गेलेले औषध. बीएचसी त्याच्याही आधीचे. ही द्रव्ये उन्हात मातीतून व पानांवरून थोडी थोडी वाफ होऊन उठतात, थंड जागी पुन्हा जमिनीवर किंवा पाण्यावर बसतात, तेथे ऊन लागले की पुन्हा उठतात, आणि अशा लहान लहान मजला करीत ऋतूमागून ऋतू थंड प्रदेशांकडे सरकत जातात. कॅनडाच्या उत्तर टोकावरील अलर्ट येथील केंद्रात, जेथे कापूस सोडाच पण झाडही उगवत नाही, एन्डोसल्फान हवेत नियमितपणे मोजले गेले आहे. ते कोणत्या देशातील कोणत्या शेतातून आले हे सांगण्याचा मार्ग नाही, कारण एवढ्या मुक्कामांनंतर कोणत्याही वाऱ्याचा माग लागत नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला आणि १३ मे २०११ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्पादन व वापर थांबविला. बीएचसीचा शेतीतील वापर १९९७ सालीच बंद झाला होता. तथापि ज्या जमिनींनी ही द्रव्ये दशकानुदशके पचविली त्यांतील उरलासुरला अंश वैशाखाच्या उन्हात अजूनही सुटतो, आणि त्या महिन्यात विदर्भावरील वारा वायव्येकडून येत असल्यामुळे तो कोकणाकडे न जाता तेलंगणावरून बंगालच्या उपसागराकडे निघतो.